पेटीचा गंधार

दोंडाईच्याच्या एखाद्या भजनी मंडळात उद्या कोणी ‘व्होकल हार्मनी प्रोसेसर’ आणला, तर गाणाऱ्याच्या सुराची वारंवारता मोजून ते यंत्र त्याच्याच आवाजातला दुसरा सूर सोबतीला देईल. अमेरिकेतील इव्हेंटाइड कंपनीचा ‘हार्मोनायझर’ १९७५च्या सुमारास आला, तेव्हापासून ही सोय आहे. पण सोबतीचा सूर नेमका कोणता, हा वाद आपल्याकडे त्याआधी साठ वर्षे रंगला होता.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या सहकार्याने श्रुतींची पेटी तयार झाली. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्या बाजूचे. तरीही १९१६च्या बडोदा संगीत परिषदेत ती पसंतीस उतरली नाही.

हा खटाटोप कशासाठी? बाजारातली पेटी सप्तकाचे बारा समान भाग करते. सा २४० हर्ट्झ धरला, तर तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ५:४ या गुणोत्तराने ३०० येतो. पेटीचा येतो सुमारे ३०२.४. फरक क्षुल्लक वाटेल, पण कानाला तो खुपतो. त्यात पेटीवर मींड निघत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली (जरा अतिच केले!), ती सैल व्हायला १९७१ उजाडले.

प्रोसेसरही बहुधा तेच बारा समान भाग धरून चालतो. शिवाय त्याला एकच स्वरसप्तक सांगावे लागते. देस रागात चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल. तिथे तो काय करणार?

वर्गात तानपुरा आणि पेटी एका षड्जात मिळवा, गंधाराची पट्टी दाबून धरा आणि सेकंदाला किती विस्पंद ऐकू येतात ते विद्यार्थ्यांना मोजू द्या.