परिघावरून परतलेली कल्पना

नोव्हेंबर २०१६ मध्ये मी बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात वास्तव्यास होतो. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतीवसाहतीसाठी स्थापन झालेले हे गाव तोवर संगणक उद्योगाचे केंद्र बनले होते. काचेच्या इमारतींत काम करणाऱ्यांचे पगार बँकेत जमा होत. त्या इमारती उभारणाऱ्यांची मजुरी मात्र बहुधा रोखीने चुकती होई. एटीएमच्या रांगेत माझ्यापुढे कलबुर्गीकडील एक गवंडी उभा होता. मोडक्या मराठीत त्याने विचारले, "साहेब, ही युक्ती मुळात कोणाची?"

प्रश्न साधा होता; उत्तर मात्र साधे नाही.

अनेकांनी तेव्हा औरंगाबादच्या 'अर्थक्रांती'कडे बोट दाखविले. अभियंते अनिल बोकील यांच्या या चळवळीची मांडणी अशी : आयातशुल्क वगळता सर्व कर रद्द करावेत, त्याऐवजी बँकेत जमा होणाऱ्या रकमेवर एकच व्यवहारकर आकारावा, पन्नास रुपयांहून मोठ्या नोटा मागे घ्याव्यात आणि रोखीच्या व्यवहारांवर मर्यादा असावी. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी बाबा रामदेव यांनीही या मागण्या उचलून धरल्या. अर्थशास्त्राच्या वर्गात ज्यांना स्थान नव्हते, त्यांनी बँकसुधारणेचा झेंडा हाती घेतला होता.

परंतु या कल्पना परिघावर जन्मलेल्या नव्हत्या. निवृत्त सरन्यायाधीश वांछू यांच्या प्रत्यक्ष कर चौकशी समितीने १९७० च्या दशकाच्या आरंभीच नोटा रद्द करण्याची शिफारस केली होती. पण त्याचबरोबर प्राप्तिकराचा कमाल दर ९७.७५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आणावा, असेही सुचविले होते. काळ्या पैशाचे मूळ करांच्या दरात आहे, हे समितीने ओळखले होते. तत्कालीन अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी नोटांचा विषय पंतप्रधानांपुढे काढला, तेव्हा पुढील निवडणुकांचा प्रश्न आडवा आला, अशी आठवण माधव गोडबोले यांनी नोंदविली आहे.

व्यवहारकराचेही तसेच. ब्राझीलने १९९७ ते २००७ या काळात तो आकारला, पण त्याचा दर ०.३८ टक्क्यांपलीकडे नेला नाही आणि अन्य करही कायम ठेवले. कारण असा कर मालाच्या प्रत्येक हस्तांतरावर साचत जातो. आपल्याकडे २००५ मध्ये पी. चिदंबरम यांनी बँकेतून मोठी रोकड काढण्यावर ०.१ टक्का कर बसविला. हेतू महसुलाचा नव्हता, रोखीचा माग काढण्याचा होता. एप्रिल २००९ पासून तो रद्द झाला.

तज्ज्ञांनी मापात सुचविलेले उपाय परिघावर सर्वरोगहारी मात्रा बनले, हे खरे. तथापि अर्थक्रांतीवर अन्याय होऊ नये. आपला प्रस्ताव संपूर्णच अमलात यावा, असा तिचा आग्रह होता. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी राज्यसंस्थेने त्यातील केवळ नाट्यमय भाग उचलला. कर होते तसेच राहिले आणि मोठ्या नोटा नकोत म्हणणाऱ्यांच्या पदरी दोन हजारांची नवी नोट पडली. १९७८ मध्ये हजार व त्यावरील नोटा रद्द झाल्या, तेव्हा त्यांचा चलनातील वाटा नगण्य होता. २०१६ मध्ये तो मूल्याने ८६ टक्के होता. रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के बँकांत परतल्या. दोन हजारांची नोटही २०२३ मध्ये मागे घेण्यात आली.

कल्पना कोणी मांडली, यावरून तिची पारख करणे मला अयोग्य वाटते. परिघावरचा माणूसही खरे बोलू शकतो. मात्र समितीच्या अहवालातून व्यासपीठावर आणि व्यासपीठावरून शासननिर्णयात येताना तिच्या अटी गळतात. त्या जपणे हे प्रशासनाचे काम आहे. कार्यालयीन टिपणीत शिफारस एका ओळीत आणि तिच्या अटी परिशिष्टात, ही सवय मलाही होती. अटी आता मी शिफारशीच्याच परिच्छेदात लिहितो.

गवंड्याला त्या दिवशी मी इतकेच म्हणालो, "युक्ती पुष्कळांची आहे." यावर तो म्हणाला, "मग रांगेत आम्हीच का?"