खात्यात दुसऱ्याचे पैसे आले तर काय कराल? खर्चू नका, फोनवर सांगितलं म्हणून परत पाठवू नका, आधी बँक गाठा

सावनेर (प्रतिनिधी) : कापसाचा चुकारा, संत्र्याच्या बागेचा इसार, अतिवृष्टीचं अनुदान, पीएम किसानचा हप्ता, निराधारची पगार, लाडक्या बहिणीचे पैसे. आता सगळं खात्यातच येतं. त्यामुळे मोबाइलवर मेसेज वाजला की कशाचे पैसे आले हे पुष्कळांना लगेच कळत नाही. आले ना, मग काढून आणा, असं होते. पण कधी कधी ते पैसे आपले नसतातच. अशा वेळी काय करायचं, याची माहिती एका जागी मिळावी म्हणून हा लेख. कापून ठेवा किंवा मोबाइलमध्ये जपून ठेवा.

आपल्याच जिल्ह्यात घडलेलं

जून २०२२ मधली खापरखेड्याची गोष्ट अनेकांना आठवत असेल. एका खाजगी बँकेच्या एटीएममधून एकाने ५०० रुपये मागितले, तर ५०० च्या पाच नोटा बाहेर आल्या. त्याने पुन्हा काढले, पुन्हा २५०० आले. बातमी गावभर झाली आणि एटीएमसमोर रांग लागली. शेवटी कोणीतरी पोलिसांना कळवलं, पोलिसांनी येऊन एटीएम बंद केलं. १०० च्या नोटांच्या खणात ५०० च्या नोटा भरल्या गेल्या होत्या, एवढीच ती चूक. रांगेतल्या लोकांना वाटलं, मशीनचे पैसे, कोणाला कळते? पण एटीएममध्ये कोणत्या कार्डावर किती वाजता किती नोटा गेल्या याची नोंद राहते. वर कॅमेराही असतो.

दुसरं उदाहरण पैठण तालुक्यातलं. २०२१ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात १५ लाख रुपये जमा झाले. सरकारनेच दिले असं समजून त्याने त्यातल्या सुमारे ९ लाखांत घर बांधलं. काही महिन्यांनी बँकेची चिठ्ठी आली. ते पैसे पिंपळवाडी ग्रामपंचायतीच्या विकासकामाचे होते आणि चुकून त्याच्या खात्यात गेले होते. उरलेली रक्कम बँकेने परत घेतली आणि खर्च झालेल्याचा तगादा त्याच्या मागे लागला. चूक त्याने केली नव्हती, तरी घोर मात्र त्यालाच लागला.

त्याच वर्षी बिहारच्या खगडिया जिल्ह्यात एकाच्या खात्यात साडेपाच लाख आले. बँकेने मागूनही त्याने परत केले नाहीत, तेव्हा पोलिसांनी त्याला अटक केली. पैठणचा आणि हा मामला शेजारी ठेवून पाहा. चुकून खर्च होणं वेगळं आणि माहीत झाल्यावर ‘देत नाही’ म्हणणं वेगळं.

चूक होते कशी?

खेड्यापाड्यात साधारण या कारणांनी पैसे भलत्याच खात्यात जातात.

१. खाते नंबरातला एखादा आकडा चुकतो. आजवर पैसे खाते नंबर पाहूनच जमा होत आले, नाव जुळतं की नाही हे पाहिलं जात नव्हतं. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना एनईएफटी, आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय करायला सांगितलं. पण नाव दिसलं तरी ते वाचायला तर हवं.

२. एकाच नावाची दोन माणसं. मध्य प्रदेशात भिंड जिल्ह्यातल्या आलमपूर इथे २०१९ मध्ये एकाच नावाच्या दोघांना एकच खाते नंबर दिला गेला होता. एक जमा करत राहिला, दुसरा काढत राहिला. असे ८९ हजार गेले.

३. आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असणं. सरकारी योजनेचे पैसे बहुतेक आधारवरून येतात आणि शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं असेल तिथे जातात. बापाचं आधार पोराच्या खात्याला, सासूचं सुनेच्या खात्याला असे प्रकार गावोगावी आहेत.

४. मोबाइल नंबरवर फोनपे, गुगलपे करताना एक आकडा चुकणं.

५. बँकेच्या मशिनीतला बिघाड. १० ते १३ नोव्हेंबर २०२३ या चार दिवसांत युको बँकेच्या सुमारे ४१ हजार खात्यांत आयएमपीएसचे ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. बँकेने खाती रोखून बरीच रक्कम लगेच परत मिळवली. ज्यांनी काढून घेतली त्यांच्यामागे सीबीआय लागली आणि छापे राजस्थानसोबत महाराष्ट्रातही पडले.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे एक समजूत आहे की आपल्या खात्यात आलं ते आपलं, चूक त्यांची. कायदा तसं म्हणत नाही.

भारतीय करार कायदा १८७२, कलम ७२ सांगतं की चुकीने मिळालेला पैसा किंवा वस्तू परत केलीच पाहिजे. म्हणजे समोरचा दिवाणी दावा करून वसूल करू शकतो.

दुसऱ्याचा पैसा आहे हे कळूनही तो अप्रामाणिकपणे वापरला, तर तो फौजदारी गुन्हा होतो. पूर्वी हे भारतीय दंड विधानाच्या कलम ४०३ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे आणि दंड.

म्हणून ज्या दिवशी तुम्हाला कळलं, त्या दिवसापासून तुमचं वागणं मोजलं जातं. लवकर आणि लेखी कळवलं, हाच तुमचा पुरावा.

पैसे आले, आता पायरी पायरीने

पहिली पायरी : मेसेजवर भरवसा ठेवू नका. पासबुक भरून आणा किंवा बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा. खोटे मेसेज पाठवणारे पुष्कळ आहेत. पैसे खरंच जमा आहेत का, हे आधी ठरवा.

दुसरी पायरी : ते आपले तर नाहीत ना, हे तपासा. अडत्या, जिनिंगचा मुनीम, विमा कंपनी, सोसायटी, घरातला बाहेरगावचा पोरगा, यांना विचारा. एन्ट्रीसमोर पाठवणाऱ्याचं नाव आणि व्यवहार क्रमांक असतो, तो लिहून घ्या. थकलेला चुकारा उशिरा आला असेल, तर विनाकारण घाबरायचं काम नाही.

तिसरी पायरी : त्या रकमेला हात लावू नका. खात्यातून विम्याचा किंवा गाडीचा हप्ता आपोआप कटत असेल, तर आपली स्वतःची शिल्लक पुरते का ते पाहा, नाहीतर परक्या पैशातून हप्ता कटून जाईल. पीक कर्जाच्या खात्यात पैसे आले असतील तर लगेच कळवा. ते कर्जात वळते झाले की हिशेब सोडवायला वेळ लागतो.

चौथी पायरी : आपल्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. बँक मित्राला तोंडी सांगून काम संपत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ही पोच पासबुकात जपून ठेवा.

पाचवी पायरी : पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेमार्फत परत जाऊ द्या. दुसऱ्या खात्यात नाही, रोखीने तर नाहीच. परत गेल्याची एन्ट्री पासबुकात छापून घ्या.

बँकेचीच चूक असेल तर बँक ती एन्ट्री उलटवते. पण दुसऱ्या एखाद्या ग्राहकाने चुकून तुम्हाला पाठवले असतील, तर बँक साधारणपणे तुमची संमती मागते. ती नाकारू नका, पण लेखीच द्या.

अर्जाचा नमुना

मा. शाखा व्यवस्थापक यांस,
विषय : माझ्या खात्यात चुकून जमा झालेल्या रकमेबाबत.
माझे बचत खाते क्र. ______ यामध्ये दि. ______ रोजी रु. ______ जमा झाले आहेत. व्यवहार क्र. ______. ही रक्कम माझी नाही व ती कोणी पाठवली हे मला माहीत नाही. मी ही रक्कम वापरलेली नाही. तरी चौकशी करून ती मूळ खात्यात परत करावी, त्यास माझी संमती आहे. परत केल्याची लेखी माहिती मला द्यावी.
नाव, गाव, मोबाइल, सही, तारीख.

फोन आला तर?

इथे जास्त जपायला हवं. ‘दादा, माझे पैसे चुकून तुमच्या नंबरवर आले, आईला दवाखान्यात भरती केलं आहे, लवकर परत टाका’ असा फोन येतो. कधी तो माणूस खरा असतो, कधी ठग.

ठगाचे तीन प्रकार. एक, पैसे आलेलेच नसतात, फक्त खोटा मेसेज असतो. दोन, ‘पैसे घ्यायला पिन टाका’ म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तीन, पैसे खरे असतात पण कोणाचे तरी लुबाडलेले असतात. तुम्ही ते सांगितलेल्या तिसऱ्या नंबरवर टाकता, ठग मोकळा होतो आणि साखळीत तुमचं खाते अडकते.

मागच्या हंगामात माझ्याच खात्यात साडेअठरा हजार आले. दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला, पोराच्या फीचे पैसे होते म्हणे. रडकुंडीला आली होती. वाटलं, टाकून द्यावे लगेच. पण तिला म्हटलं, ‘ताई, तुमचे पैसे कुठं जात नाहीत, तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार द्या, मी माझ्या बँकेत अर्ज देतो.’ तिला ते आवडलं नाही, दोन बोल ऐकवले. पाचव्या दिवशी पैसे तिच्या खात्यात गेले, तेव्हा तिचाच फोन आला. बाई खरी होती. पण खरी आहे हे मला फोनवरून कळणार नव्हतं.

तुम्हीही तेच सांगा. फसवणुकीचा वास आला तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

सरकारी योजनेचे पैसे असतील तर

पीएम किसान : आयकर भरणारे, सरकारी नोकरीत असलेले असे काही गट यात बसत नाहीत. हप्ते आले असतील तर तहसील किंवा कृषी कार्यालयात विचारा. योजनेच्या पोर्टलवरही रक्कम परत करायची सोय आहे.

निराधार, पेन्शन : घरातलं माणूस गेल्यावरही काही महिने पगार येत राहते. एटीएम घरातच असते, कोणीतरी काढून आणते. हे पैसे नंतर वसूल होतात. मृत्यूचा दाखला मिळाला की त्याची एक प्रत तहसीलला आणि एक बँकेत द्या.

अतिवृष्टी अनुदान : शेत नाही, नुकसान नाही, तरी पैसे आले आणि कोणी म्हणालं, ‘अर्धे तू ठेव, अर्धे काढून मला दे’, तर समजा गडबड आहे. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगीकडे असा घोटाळा २०२५ मध्ये उघड झाला, महसूल कर्मचारी निलंबित झाले. अशा वेळी खाते तुमचं असते आणि कागदावर नावही तुमचंच राहते. तहसीलदारांना लेखी कळवा.

पैसे खर्च झाले असतील तर

लपवू नका. बँकेची चिठ्ठी आली की उत्तर द्या. माहीत नव्हतं हे लिहा, किती खर्च झाले ते लिहा आणि हप्ते पाडून मागा. हंगाम निघाल्यावर देतो असं तारखेसह लिहिलेलं चालते. गप्प बसलं की हेतू वाईट होता असा अर्थ निघतो.

खाते गोठलं तर

कापूस, सोयाबीन विकलेले पैसे आले आणि सायबर तक्रारीमुळे खाते रोखलं गेलं, असंही होते. बँकेला विचारा : कोणत्या पोलीस ठाण्याने रोखलं, तक्रार क्रमांक काय, किती रक्कम? मग बाजार समितीची पावती, काटापट्टी, सातबारा जोडून त्या ठाण्याला आणि बँकेला लेखी द्या. म्हणून विक्रीची पावती फेकू नका.

आपले पैसे दुसरीकडे गेले तर

त्याच दिवशी आपल्या बँकेत आणि ज्या ॲपवरून पाठवले त्यात तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

गावात म्हणतात, देवानं दिलं ते ठेवावं. पण खात्यात आलेलं देवानं नाही, कोणीतरी चुकीचा आकडा दाबून दिलेलं असते. उद्या तो आकडा आपल्या हातून चुकला, तर समोरच्याने काय करावं असं आपल्याला वाटेल, तेच आज आपण करायचं. आणि पोच घ्यायला विसरायचं नाही.