कर्ती स्त्री आणि तिचे दारिद्र्य : देहू परिसराच्या इतिहासाची साक्ष

दिनांक २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देहूरोड येथील विहारात तथागत भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. तत्पूर्वी बरोबर सत्तावीस वर्षे, दिनांक २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले होते. या दोन घटनांचा तिथियोग आपणा सर्वांस ज्ञात आहे. परंतु त्यातून निघणाऱ्या एका प्रश्नाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. जो ग्रंथ महाडला अग्नीच्या स्वाधीन करण्यात आला, त्याच्या आठव्या अध्यायात भार्या, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन मानले आहेत. त्यांनी जे मिळवावे ते त्यांच्या धन्याचे, असा हा दंडक आहे. ग्रंथ जळाला, दंडक जळाला काय?

विधवा, परित्यक्ता, अथवा पती आजारी वा व्यसनाधीन असल्यामुळे संसाराचा भार एकटीने वाहणारी स्त्री आमच्या प्रत्येक वस्तीत आहे. अशी घरे गरिबांतही अधिक गरीब असतात. याचे कारण विचारले तर घरात पुरुष नाही, असे सहजपणे सांगितले जाते. देहू परिसराचा इतिहास मात्र वेगळे उत्तर देतो.

प्रथम बुद्धवचनाकडे वळू. अंगुत्तर निकायात नकुलपिता व नकुलमाता या दांपत्याची कथा आहे. नकुलपिता मरणासन्न असता त्याची पत्नी त्याला धीर देते. आपण सूत कातण्यात व लोकर पिंजण्यात कुशल आहोत, मुलांचे पालनपोषण करू आणि घर सांभाळू, तेव्हा काळजी मनात ठेवून प्राण सोडू नका, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. तो बरा झाल्यावर भगवंतांनी अशी हितचिंतक पत्नी लाभल्याबद्दल त्याला भाग्यवान म्हटले. सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीच्या हाती घराचा अधिकार सोपविणे हे एक आहे. स्त्रीने घर चालविणे ही या परंपरेत आपत्ती मानलेली नाही.

हे केवळ सुत्तांतच राहिले असे नाही. देहूरोडच्या जवळच घोरावडेश्वराचा डोंगर आहे. तेथील शेलारवाडीच्या बौद्ध लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एक ब्राह्मी शिलालेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाची पत्नी सिअगुतनिका हिने, आपला पुत्र गृहपती नंद याच्यासह, हे लेणे दान दिले, असे तो लेख सांगतो. ही राणी नव्हे, श्रेष्ठीची भार्या नव्हे. ही शेतकऱ्याची बायको. तरीही दान तिच्या नावाने कोरले गेले आणि पुत्राचे नाव सोबतीला आले. दान देण्यासाठी हाती काही असावे लागते, आणि ते आपले आहे असे समाजाने मान्य करावे लागते. या एका लेखावरून त्या काळच्या सर्व स्त्रिया सधन होत्या असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. कष्टकरी घरातील स्त्रीचे नाव दगडावर कोरण्यास समाजाची हरकत नव्हती, एवढेच त्यातून निश्चित दिसते.

आता इंद्रायणीकाठच्या देहू गावाकडे येऊ. संत तुकारामांचे घराणे मूळचे महाजनकी व दुकानदारी करणारे होते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात ते कोलमडले. त्यांची पहिली पत्नी रखमाबाई त्यात मरण पावली. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. कुळांच्या दृष्टीने ती मोठी करुणा होती. घरात चूल पेटविण्याचे दायित्व मात्र दुसऱ्या पत्नीवर, जिजाई ऊर्फ आवलीवर, राहिले. १६५० साली तुकारामांचे जीवन संपले तेव्हा ती गरोदर होती. नारायण हा पुत्र नंतर जन्मला. मुलाबाळांचा भार आता तिच्या एकटीवर आला.

या स्त्रीला आख्यानांनी कजाग, भांडखोर म्हणून रंगविले. घरात दाणा नसताना मुलांसाठी बोलणाऱ्या आईला दुसरे कोणते नाव द्यावयाचे, हा विचार आख्यानकारांना सुचला नाही. नारायणबाबांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली, पुढे घराण्याला इनामेही मिळाली. ती पुत्राच्या नावे. ज्या बाईने त्या पुत्राला वाढविले तिच्या कष्टाची नोंद कोणत्याही सनदेत नाही. शेलारवाडीच्या दगडावर जे घडले, ते येथे कागदावर घडले नाही.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात हीच गाठ सोडविण्याचा प्रयत्न केला. १९३७ च्या कायद्याने विधवेला मिळालेला हक्क तिच्या हयातीपुरता, मर्यादित होता. तो पूर्ण मालकीचा व्हावा आणि मुलीलाही वाटा मिळावा, असा त्यांचा आग्रह होता. बिल रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यातील काही भाग १९५६ च्या वारसा कायद्यात आला. महाराष्ट्राने १९९४ साली, तर केंद्राने २००५ साली, मुलीला वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आमच्या अनेक भगिनींना आजही ठाऊक नसते.

परंतु ज्या घरात वाटण्यास जमीनच नाही, त्या घराचे काय? देहूरोडला लष्करी डेपो झाला, १९६२ नंतर पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत वाढली, पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. येथे आलेल्या कामगाराची नोकरी, खोली, पतपेढीचे खाते हे सारे पुरुषाच्या नावे राहिले. तो गेला की खोली जाते आणि बाई धुणीभांडी वा कंत्राटी झाडलोट पत्करते. मिळविणारे हात दोन. त्याच हातांनी मुले व म्हातारी माणसे सांभाळावयाची. मग थोरली मुलगी शाळेतून निघते आणि दारिद्र्य पुढच्या पिढीत जाते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २.७ कोटी, म्हणजे जवळजवळ अकरा टक्के, कुटुंबांची प्रमुख स्त्री असल्याची नोंद झाली. पण कुटुंबप्रमुख म्हणून घरचे लोक सांगतील तेच नाव लिहिले जाते. कमावती सून असतानाही वृद्ध सासऱ्याचे नाव लागते. म्हणजे खरी संख्या याहून मोठी असावी.

जेथे नाव लागले तेथे फरक पडला, हेही इतिहासच सांगतो. १९८८ साली संगमनेर येथे झालेल्या परिषदेने परित्यक्तांचा प्रश्न महाराष्ट्रापुढे आणला. १९९३ साली पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्या, बहुतांशी दलित, स्त्रियांसाठी महापालिकेचे ओळखपत्र मिळविले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील ज्येष्ठ स्त्रीलाच कुटुंबप्रमुख ठरविले.

तेव्हा विहाराच्या कार्यकर्त्यांना आमची नम्र सूचना आहे. वर्षावासात प्रत्येक घरी आपण जातोच. त्या वेळी घर कोणाच्या नावे आहे, शिधापत्रिकेवर कोण आहे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कोठे अडला आहे, याची एक वही करावी. विवाहविधीच्या वेळीच घराच्या कागदावर दोघांची नावे लावण्याचा संकल्प घ्यावा. २५ डिसेंबरला देहूरोडला जाणाऱ्या उपासकांनी जवळच्या शेलारवाडीचा डोंगरही चढावा आणि एका शेतकरी स्त्रीच्या नावाची ती अक्षरे आपल्या मुलींना दाखवावीत.