'ना-हरकत'मधली हरकत

गाडी परराज्यात कायमची न्यायची, तर वडाळ्याच्या आरटीओतून 'ना-हरकत प्रमाणपत्र' घ्यावे लागते. इंग्रजी 'नो ऑब्जेक्शन'चे हे मराठी रूप. पण त्यातील 'ना' हा फारसी उपसर्ग, 'हरकत' अरबी आणि संस्कृत काय ते 'प्रमाणपत्र'. अरबीत 'हरका' म्हणजे हालचाल. हिंदीत तिचा चाळा झाला, मराठीत अडथळा. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही हाच अर्थ आहे. म्हणजे मूळ अर्थाने पाहिले, तर गाडी हलवण्यासाठी 'हालचाल नाही' असा दाखला! आखातात नोकरीस गेलेल्या मराठी माणसाला तिथल्या कचेरीत 'हरकत' उपयोगी पडत नाही. तिथे याच दाखल्याला 'शहादत अदम मुमानआ' म्हणतात. 'शहादत' म्हणजे इथे हौतात्म्य नव्हे, साक्ष किंवा दाखला. 'अदम' म्हणजे अभाव. आणि 'मुमानआ' व मराठी 'मना' एकाच अरबी धातूचे.