धारूरचा घाट, फोर-लो आणि कोयता

ऑफ-रोडिंग म्हटलं की रील्समध्ये लडाख आणि स्पिती दिसतात. बीडचं नाव कुणी घेत नाही. पण आमच्या बालाघाटात धारूर नावाचं गाव आहे. अवघड वाटेची किंमत काय असते, ते तिथला इतिहास सांगतो.

नकाशा उघडा. बीड जिल्ह्याचा उत्तर भाग म्हणजे गोदावरीकाठची सखल गंगथडी, दक्षिणेला काळ्या बेसॉल्टचं पठार. मधली कड चढायची तर घाट हवा. तेलगावकडून येणारा घाट चढून गेलं की धारूर लागतं. १५६७च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने इथे किल्ला बांधला. तीन बाजूंना दऱ्या, उरलेल्या बाजूला खंदक. पुढे मुर्तझा निजामशहाने तो जिंकला, त्यात किश्वरखान मारला गेला. १६३१ मध्ये मोगल सरदार आझमखानाने किल्ला घेतला आणि धारूरचं फतेहाबाद झालं. तोफा आणि दाणागोटा वर चढवताना शत्रूच्या बैलांचा जितका दम निघेल, तितका किल्ला सुरक्षित. वाईट वाट हीच पहिली तटबंदी होती.

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. ते भारतात आलं सप्टेंबर १९४८ मध्ये. पुढे आमच्याकडे जीप दिसली ती साहेबाची गाडी म्हणून, नंतर काळी-पिवळी म्हणून. हौस म्हणून ती फार उशिरा आली.

गेल्या दिवाळीत मी मित्राच्या थारने धारूरजवळची कच्ची वाट उतरलो. फोर-लो टाकायचं, पहिला गिअर ठेवायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. मजा आली, खोटं कशाला बोलू?

मग डांबरी घाटात लागलो, तर ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर वर चढत होता. मागे ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मागे एवढं वजन असलं की चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नीट ऐकत नाही. वळणावर समोरून ट्रक आला तर बाजूला व्हायला जागा कुठे?

किल्लेदाराला हा घाट अवघडच हवा होता, कारण त्याला लोक अडवायचे होते. आता खामगाव–पंढरपूर महामार्ग याच घाटातून जातो आणि कोयत्याला दरवर्षी पोटासाठी तो चढावा लागतो. आमच्या थरारासाठी डोंगरात कच्च्या वाटा पुष्कळ आहेत. हा घाट मात्र रुंद आणि सोपाच हवा.