कुलाब्याहून कुलाब्याला: नॉईजपासून दूर गेलेली वेधशाळा आणि आपला जुना लॅपटॉप

 

मध्यंतरी एक तक्रार बऱ्याच जणांनी केली. "विषय चांगले असतात, पण मागे घरघर कसली येते?" ती घरघर म्हणजे माझ्या लॅपटॉपचा फॅन. मशीन दहा वर्षांचं, रेकॉर्डिंग होतं अलिबाग तालुक्यातल्या घरात, आणि मे महिन्यात इथली हवा कशी असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. फॅन कसा शांत करायचा ते सांगतोच. पण त्याआधी इतिहास, कारण नको असलेल्या आवाजाचं काय करायचं या प्रश्नाचं एक जबरदस्त उत्तर आपल्याच गावात, समुद्रकिनाऱ्याजवळ सव्वाशे वर्षं उभं आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा.

मुंबईतली कुलाबा वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी सुरू झाल्या. या नोंदींची किंमत काय, तर २ सप्टेंबर १८५९ चं उदाहरण घ्या. सूर्यावर मोठा स्फोट झाला होता, युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली होती. त्या दिवशी कुलाब्याच्या उपकरणाने क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली. माणसांनी डोळ्यांनी वाचून, हाताने लिहिलेले आकडे. त्या महावादळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आजही त्या नोंदीकडे वळतात.

मग आला विसाव्या शतकाचा उंबरठा. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, त्या विजेवर चालवायचं ठरलं. इथे गोम अशी, की विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांमधून परत जातो. सगळा रुळांतच राहत नाही, थोडा जमिनीत गळतो. जिथे प्रवाह, तिथे चुंबकीय क्षेत्र. म्हणजे ट्राम सुरू होते, थांबते, तसतशी वेधशाळेतली सुई हलणार. आणि कागदावर सूर्य कोणता आणि ट्राम कोणती, ते वेगळं करता येणार नाही.

तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस, या पदावरचे पहिले भारतीय. शहराची ट्राम अडवणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी उपकरणंच हलवायचं ठरवलं. जागा निवडली अलिबागची, खाडीपलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर. गंमत बघा, अलिबागसमोरचा किल्ला कुलाबा, त्यावरून जिल्ह्याचं तेव्हाचं नाव कुलाबा (रायगड हे नाव १९८१ चं). म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून कुलाब्यालाच गेली!

दोन गोष्टी मूस यांच्याकडून शिकण्यासारख्या आहेत. पहिली, बांधकाम. आपल्याकडे घर बांधायचं तर काळा दगड नाहीतर जांभा. पण काळ्या दगडात चुंबकीय खनिज असतं, जांभ्यात लोह. म्हणून इथे तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड आणला. बाहेरचा नॉईज टाळायला इतक्या लांब आल्यावर भिंतींनीच नॉईज करायचा, हे कसं चालेल?

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातल्या माणसांना लगेच पटेल. १९०४ साली अलिबाग सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. आम्ही याला पॅरलल रन म्हणतो. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळला आणि १८४१ पासूनची साखळी तुटली नाही. विजेची पहिली ट्राम धावली मे १९०७ मध्ये. तोवर सगळं हलवून झालं होतं. ट्राम १९६४ साली बंद पडली. अलिबागची मोजणी अजून चालू आहे, आणि ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालयही आपल्याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

आता लॅपटॉपकडे या.

फॅनचा राग येणारा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे स्टीव्ह जॉब्स. १९७७ च्या ॲपल टू मध्ये फॅन नव्हता, आणि ते जमलं, कारण रॉड होल्ट यांनी त्यासाठी कमी तापणारा पॉवर सप्लाय बनवला होता. १९८० च्या ॲपल थ्रीमध्येही फॅन नको असा हट्ट झाला, पण या वेळी उष्णता आवरली नाही. मशीन तापून चिप सॉकेटमधून सैल व्हायच्या. कॉम्प्युटर थोडा उचलून टेबलावर आपटा म्हणजे चिप परत बसतील, असा सल्ला दिला गेल्याचा किस्सा सांगतात. धडा साधा आहे: फॅनशी भांडू नका, उष्णतेशी भांडा. सॉफ्टवेअरने फॅन जबरदस्तीने बंद करणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा.

उष्णता कमी करण्यात फायदा किती? फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे थोडी उष्णता वाचवली की शांतता भरपूर मिळते.

आणि ही उष्णता येते कुठून? प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाने आणि वेगाच्या पटीने वाढते. टर्बोमध्ये शेवटचा थोडा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. म्हणून पहिला उपाय फुकटचा. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक जुन्या इंटेल मशीनवर त्याने टर्बो बंद होतो. लिनक्सवाल्यांना नो टर्बोचा स्विच माहीत असेलच. लिहिणं, ब्राउझर, रेकॉर्डिंग यांत फरक जाणवणारही नाही.

दुसरा उपाय सफाईचा. मशीन बंद, चार्जर काढलेला, शक्य असेल तर बॅटरीही सुटी. मागचं झाकण उघडा आणि हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये बघा. किनाऱ्यावर दमट हवेत धूळ नुसती बसत नाही, चिकटते, आणि तिचा नमद्यासारखा थर होतो. तो ब्रशने काढा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जाईल. स्क्रूवर खाऱ्या हवेचा गंज असेल तर जोर लावू नका. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावा. एवढं करूनही फॅन खरखरत असेल तर बेअरिंग गेलंय, फॅनच बदला.

तिसरा उपाय मूस साहेबांचा: अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी फायदा होतो, पण होतो. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे लॅपटॉप दुसऱ्या खोलीत आणि माइक तुमच्यासमोर. दुसरी खोली नसेल तर कार्डिऑइड माइकची पाठ लॅपटॉपकडे करा.

"एडिटिंगमध्ये नॉईज काढता येतो की," असं कोणी म्हणेल. येतो, थोडा. पण फॅनचा वेग सारखा बदलतो आणि त्याचा आवाज आपल्या बोलण्याच्या पट्ट्यातच येतो. घासून काढायला गेलात तर आपला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. नोंदीत एकदा मिसळलेलं नंतर धड वेगळं होत नाही, हे मूस यांनी ट्राम सुरू व्हायच्या आधीच ओळखलं होतं.

घरी आजीच्या गोष्टी, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर हे विशेष सांगतो. माणूस पुन्हा तेच तसंच बोलेल याची खात्री नसते. बटण दाबायच्या आधी दहा मिनिटं खोलीची शांतता ऐका.

तुमच्या मशीनवर काय लागू पडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.