वडिलांचा जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट : गोमंतकीयांचे पोर्तुगीज नागरिकत्व

माणूस कोणत्या देशाचा नागरिक आहे, हे ठरविण्याच्या दोन जुन्या पद्धती जगात रूढ आहेत. एक जन्मभूमीची, दुसरी रक्ताच्या नात्याची. भारतीय राज्यघटना अमलात आली तेव्हा आपण प्रामुख्याने पहिली पद्धत स्वीकारली. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतभूमीवर जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद सोडल्यास, जन्मानेच भारतीय ठरते. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील यांच्यापैकी एक भारतीय असण्याची अट आली आणि ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. युरोपातील अनेक देशांनी मात्र पूर्वीपासूनच नात्याला अधिक महत्त्व दिले आहे. आई किंवा वडील त्या देशाचे नागरिक असतील, तर परदेशात जन्मलेल्या अपत्यालाही तेथील नागरिकत्वावर हक्क सांगता येतो.

या तत्त्वाचा महाराष्ट्राच्या सीमेलगतचा सर्वांत ठळक आविष्कार म्हणजे गोमंतकीयांचे पोर्तुगीज नागरिकत्व. गोव्यातील कितीतरी घरांत हा विषय जेवणाच्या ताटावर निघतो. जुन्या पेटीतून आजोबांचा पोर्तुगीज भाषेतील जन्मदाखला बाहेर येतो, नातवाच्या परदेशगमनाची स्वप्ने रंगू लागतात. मात्र या एका कागदाचा अर्थ लिस्बनमध्ये एक आणि नवी दिल्लीत दुसराच लावला जातो. अर्ज करण्यापूर्वी हे दोन्ही अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

इतिहासाचा धागा

१५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा शहर जिंकले. तेथपासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे, गोव्यावर पोर्तुगालची सत्ता होती. १९५१ मध्ये सालाझार राजवटीने आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले आणि ते पोर्तुगालचेच अविभाज्य भाग असल्याचा दावा केला. साहजिकच गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेले लोक पोर्तुगीज कायद्याच्या नजरेत पोर्तुगालचेच नागरिक होते.

भारतीय सैन्याच्या ‘ऑपरेशन विजय’ कारवाईने गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने मात्र ही वस्तुस्थिती तेरा वर्षे मान्य केली नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही संपली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९७५ मध्ये पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हा तेथील बहुसंख्य रहिवाशांचे पोर्तुगीज नागरिकत्व संपुष्टात आणणारा कायदा करण्यात आला. तो कायदा स्वतंत्र झालेल्या प्रदेशांसाठी होता. गोवा हा स्वतंत्र देश झाला नव्हता. तो भारतात विलीन झाला होता. त्यामुळे मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील हक्क लिस्बनच्या दप्तरी कायम राहिला.

भारताने घेतलेली भूमिका

नव्या प्रदेशातील लोकांना भारताने वाऱ्यावर सोडले नव्हते. नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाखाली २८ मार्च १९६२ रोजी ‘गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश’ निघाला. जी व्यक्ती स्वतः, अथवा जिच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक झाल्याचे या आदेशाने मानले. ज्यांना आपले पूर्वीचे नागरिकत्व राखायचे होते त्यांना तसे लेखी कळविण्यासाठी एक महिन्याची मुदत देण्यात आली.

अशी निवड करणाऱ्यांपैकी एक म्हणजे मॉन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो हे धर्मगुरू. त्यांनी पोर्तुगीज राहणे पसंत केले. साहजिकच भारतात ते परकीय ठरले. वास्तव्याचा परवाना संपल्यानंतरही ते गोव्यातच राहिल्याने त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला भरण्यात आला. आपण व्याप्त प्रदेशातील रहिवासी असून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला लागू आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गोवा भारतात विलीन झाल्यावर ‘व्याप्त प्रदेश’ ही स्थिती संपुष्टात आली, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. आपल्याच गावात राहणारा माणूस एका निवडीमुळे कायद्याने परका होऊ शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

हक्क कोणाला?

पोर्तुगालचा आजचा नागरिकत्व कायदा ३ ऑक्टोबर १९८१ चा आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या असल्या तरी गोमंतकीयांच्या संदर्भात त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी मुक्तीपूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांची. त्यांना आपल्या जन्माची नोंद पोर्तुगालच्या मध्यवर्ती नागरी नोंदणी कार्यालयात उतरवून घेता येते. नवे नागरिकत्व मागण्याचा हा अर्ज नसतो. असलेल्या नागरिकत्वाची दप्तरी नोंद करून घेण्याचा तो प्रकार असतो.

दुसरी पायरी त्यांच्या मुलांची. मुलगा वा मुलगी १९६१ नंतर जन्मलेली असली आणि गोव्याबाहेर, उदाहरणार्थ मुंबईत किंवा पुण्यात, जन्मलेली असली तरी आई किंवा वडिलांच्या नात्याने तिला जन्मनोंदणी करता येते. आईकडून येणारा हक्क वडिलांकडून येणाऱ्या हक्काइतकाच ग्राह्य आहे.

तिसरी पायरी नातवंडांची. मधल्या पिढीतील आई किंवा वडील हयात असतील तर सामान्यतः आधी त्यांची नोंद होते आणि मग त्यांच्या अपत्याची. मधली पिढी वगळून थेट आजी-आजोबांच्या नात्याने हक्क सांगायचा झाल्यास पोर्तुगीज भाषेचे ज्ञान व त्या समाजाशी असलेला संबंध दाखविण्याची अपेक्षा असते. २००६, २०१५ आणि २०२० या वर्षांतील दुरुस्त्यांनी नातवंडांसाठीचे नियम बदलले. म्हणूनच या मार्गाने जाणाऱ्यांनी कोणाच्या जुन्या अनुभवावर न विसंबता अर्जाच्या दिवशीचे नियम तपासावेत.

कागदपत्रे आणि नावांचा घोळ

जन्मदाखल्याची साधी प्रत या कामी पुरत नाही. मूळ नोंदवहीतील संपूर्ण मजकूर असलेला उतारा लागतो. त्याला गोव्यात ‘तेओर’ म्हणून ओळखले जाते. शिवाय आई-वडिलांच्या विवाहाची नोंद, पोर्तुगीज भाषांतर आणि कागदपत्रांचे प्रमाणीकरण आवश्यक असते. भारत २००५ पासून ‘अपोस्टिल’ करारात सहभागी असल्याने परदेशात सादर करावयाच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा तो शिक्का घेता येतो.

खरी डोकेदुखी नावांची असते. पोर्तुगीज लिपीत ‘के’ आणि ‘वाय’ या अक्षरांना फारसे स्थान नव्हते. त्यामुळे जुन्या दाखल्यात ‘नाईक’ या आडनावाचा शेवट ‘क्यू’ने होतो, ‘कामत’ ‘सी’ने सुरू होते आणि ‘शेट’ चक्क ‘एक्स’ने. ‘शेणै’चे ‘सिनाय’ होते. पुढे शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आणि भारतीय पासपोर्टवर हीच नावे इंग्रजी वळणाने लिहिली गेली. बाप आणि मुलगा यांची आडनावे कागदावर वेगळी दिसू लागली. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे, दुरुस्तीचे अर्ज आणि प्रसंगी न्यायालयाचा आदेश, अशी वाट चालावी लागते.

आणखी एक मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. अपत्याचे आई-वडिलांशी असलेले नाते ते अज्ञान असतानाच नोंदले गेले होते का, याला पोर्तुगीज कायदा महत्त्व देतो. ज्यांचा जन्म वा पालकांचा विवाह फार उशिरा नोंदला गेला, त्यांचे प्रकरण म्हणूनच रेंगाळू शकते.

एका कागदाचे दोन अर्थ

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. जन्माची नोंद लिस्बनमध्ये झाली की पोर्तुगीज कायद्यानुसार ती व्यक्ती जन्मापासूनच पोर्तुगीज ठरते. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्वाचे वावडे नाही. भारतीय पासपोर्ट सोडा, असे लिस्बन कोणाला सांगत नाही.

भारताचा दृष्टिकोन नेमका उलटा आहे. राज्यघटनेचे नववे कलम आणि नागरिकत्व कायदा, १९५५ याचेही नववेच कलम, स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व मिळविणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात आणते. नागरिकत्व नियमांनुसार दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. हा नियम वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच इझहार अहमद खान प्रकरणात दिला. नागरिकत्व गेले की नाही याबद्दल वाद उद्भवल्यास निर्णयाचा अधिकार केंद्र सरकारकडे असतो.

पासपोर्ट घेतल्यावर काय होते, याबद्दल म्हणूनच शंका नाही. वाद आहे तो पासपोर्ट न घेता केवळ जन्मनोंदणी करणाऱ्यांचा. ‘आम्ही पोर्तुगालला कधी गेलो नाही, पासपोर्ट घेतला नाही, फक्त मुलांसाठी नाव नोंदवले,’ अशी अनेक ज्येष्ठांची बाजू असते. तथापि, लिस्बनमध्ये नोंद झाल्यानंतरही भारतीय पासपोर्ट वापरला वा नव्याने काढला, तर माहिती दडविल्याच्या कारणावरून तो रद्द होऊ शकतो. गोव्यातील अनेकांना २०२३ आणि २०२४ मध्ये हा अनुभव आला. पासपोर्ट रद्द झाल्याने त्यांना तो परत केल्याचे प्रमाणपत्र मिळेना, आणि त्या प्रमाणपत्रावाचून ओसीआय कार्डही मिळेना. अखेर एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द केल्याचे प्रमाणपत्रही ओसीआय अर्जासाठी ग्राह्य धरण्यास मान्यता दिली आणि ही कोंडी काही अंशी फुटली.

यातील विसंगती विचारात घेण्याजोगी आहे. परदेशी जायचे असते तिशीतल्या मुलाला. पण साखळीची पहिली कडी असते सत्तरीतल्या वडिलांची. ज्यांना आपल्या वाड्यावरून हलायचेही नाही, त्यांच्याच नागरिकत्वाचा प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो. मुलावरील मायेपोटी केलेल्या एका सहीचे परिणाम वडिलांना मतदारयादीपासून ते निवडणूक लढविण्यापर्यंत भोगावे लागू शकतात.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे

२००५ मधील कायदादुरुस्तीनंतर प्रत्यक्षात आलेल्या ओसीआय योजनेच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असल्याने मोठा गैरसमज पसरला आहे. या कार्डामुळे भारतात आजीवन व्हिसाशिवाय येता-जाता आणि राहता येते. मात्र मतदानाचा हक्क नाही, आमदार-खासदार होता येत नाही, सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी मिळत नाही. घर विकत घेता येते. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन मात्र ठेवता येते.

परतीची वाट बंद नाही, पण लांबची आहे. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक राहिलेल्या आणि अर्जापूर्वी वर्षभर भारतात वास्तव्य केलेल्या व्यक्तीला पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेव्हा परदेशाचे नागरिकत्व सोडावे लागते.

ब्रिटनचे दार मिटले

१९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाला आणि या पासपोर्टचे मोल एकदम वाढले. गोमंतकीयांपैकी अनेकांनी लिस्बनऐवजी ब्रिटनची वाट धरली. लंडनलगतचे साऊथॉल आणि पश्चिमेकडील स्विंडन येथे गोमंतकीयांच्या वसाहतीच उभ्या राहिल्या. २०१६ च्या सार्वमताने हे चित्र बदलले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्या वर्षअखेरीस संक्रमणकाळही संपला. आधीपासून राहणाऱ्यांना वास्तव्याच्या हक्कासाठी अर्ज करण्याची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. आता नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्याला केवळ त्याच्या बळावर ब्रिटनमध्ये नोकरी करता येत नाही. युरोपीय संघाच्या २७ देशांत, त्यात आयर्लंडही आले, हा हक्क अबाधित आहे. पण तेथे भाषा, हवामान आणि नात्यागोत्याचा आधार यांचे गणित निराळे असते.

निर्णयापूर्वी

ज्या कुटुंबांत हा विचार चालू आहे त्यांनी काही गोष्टी आधी ठरवाव्यात. नोंद नेमकी कोणाकोणाची होणार, हे लेखी मांडावे. घरातील ज्येष्ठांना त्याचा परिणाम त्यांच्या भाषेत समजावून सांगावा आणि मगच त्यांची सही घ्यावी. शेतजमीन खरेदी, सरकारी नोकरी, पंचायतीची निवडणूक असे काही मनात असेल तर त्याचा विचार आधी करावा. परकीय नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट वापरत राहू नये. तो रीतसर परत करावा आणि मतदारयादीतून नाव कमी करून घ्यावे. आई किंवा वडील भारतीय नागरिकत्वाचा रीतसर त्याग करतात तेव्हा अज्ञान मुलांचेही भारतीय नागरिकत्व जाते. सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते परत मागता येते, ही तारीख विसरू नये. ‘दोन्हीकडचे चालते, कोणाला कळत नाही,’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून तर चार हात दूरच राहावे.

आई-वडिलांकडून आलेला हक्क बजावण्यात गैर काही नाही. कायद्यानेच तो दिला आहे. गोव्याच्या इतिहासाने तेथील एका पिढीला दोन देशांच्या दप्तरांत स्थान दिले. त्यांपैकी कोणत्या दप्तरात राहायचे, हे वडिलांनी आणि मुलाने एकत्र बसून, सर्व परिणाम समोर ठेवून ठरवावे. १९६२ मध्ये त्यासाठी एक महिना मिळाला होता. आज वेळेचे तसे बंधन नाही; म्हणून घाई करण्याचेही कारण नाही.